आईसाठी हॉस्पिस निवडताना

पत्र

सप्रेम नमस्कार. माझी आई ७२ वर्षांची आहे. तिला स्वादुपिंडाचा कर्करोग असून तो यकृतात पसरला आहे. केमोथेरपीचा आता उपयोग नाही, त्यांना त्रास होणार नाही एवढे पाहा, असे डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितले. मी ठाण्यात राहते आणि नोकरी करते. भाऊ बंगळुरूला असतो. आईच्या पोटात आणि पाठीत सतत दुखते, रात्री झोप लागत नाही. मी दोन हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या काळात काळजी घेणारी केंद्रे, पाहून आले. एक खासगी केंद्र आहे. तिथे वातानुकूलित स्वतंत्र खोल्या आहेत, महिन्याला ६५ हजार रुपये घेतात आणि डॉक्टर रात्री फोनवर असतात. मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक ते वापरत नाहीत. ‘त्याची सवय लागते, आम्ही तीन दिवस चालणारा फेंटानिलचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी, लावतो,’ असे सांगितले. दुसरे केंद्र धर्मादाय संस्थेचे, शहरापासून लांब, जुन्या इमारतीत आहे. तिथे चार-चार खाटांच्या खोल्या आहेत आणि पैसे घेत नाहीत, पण घरचे एक माणूस सोबत राहावे असा त्यांचा आग्रह आहे. शेवटच्या दिवसांत सलाइन लावूच असे नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, ते मला कठोर वाटले. आजार किती पुढे गेला आहे हे आम्ही आईला सांगितलेले नाही. भाऊ म्हणतो, खासगी घे, पैसे मी देतो. मावशी म्हणते, आईला असे कुठे ठेवतात का? चांगली सेवा ओळखायची कशी? आणि ठेवल्यावर ती नीट होत नसेल तर ते कळायचे कसे?

— एक मुलगी, ठाणे

उत्तर

दोन्ही केंद्रांत तुम्हाला जे दिसले त्यापेक्षा जे सांगितले गेले ते अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते तुम्ही नेमके टिपून पाठवले आहे हे फार चांगले झाले. खोली, फरशी, स्वागतकक्ष या गोष्टी पाहुण्याला पाच मिनिटांत दिसतात, म्हणून नातेवाईक त्यांवरूनच मत बनवतात. ज्यासाठी हॉस्पिस असते ते काम, म्हणजे वेदना आणि इतर त्रास आटोक्यात ठेवण्याचे काम, मात्र दिवसा फेरी मारणाऱ्याला सहसा दिसत नाही. ते खऱ्या अर्थाने चालते रात्री, जेव्हा मोठे डॉक्टर घरी गेलेले असतात, नातेवाईक झोपलेले असतात आणि रुग्णाला दुखू लागते. त्या वेळी तिथे कोण असते, त्याच्या हाती कोणते औषध असते आणि ते देण्याचा अधिकार त्याला असतो का, या प्रश्नांच्या उत्तरांवरून मी कोणत्याही हॉस्पिसची पारख करीन.

म्हणून सुरुवात मॉर्फिनपासूनच केली पाहिजे. तोंडाने घेण्याचे मॉर्फिन हे कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरचे प्रमुख औषध आहे, ते स्वस्त आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली मांडलेल्या वेदनाशमनाच्या पायऱ्यांमध्ये वरच्या पायरीवर त्याचे स्थान आहे. ‘सवय लागते म्हणून मॉर्फिन नाही, पॅच लावतो’ हे तुम्हाला मिळालेले उत्तर मला सर्वांत जास्त खटकले, कारण फेंटानिल हेही मॉर्फिनच्याच कुळातले औषध आहे आणि तेवढ्याच वजनाच्या मॉर्फिनहून कितीतरी अधिक तीव्र आहे. सवयीची भीती एकाला लागू असेल तर ती दुसऱ्यालाही लागू असायला हवी. खरे तर वेदनेसाठी योग्य मात्रेत, देखरेखीखाली मॉर्फिन घेणारा रुग्ण सहसा व्यसनी होत नाही आणि त्यामुळे त्याचा मृत्यूही लवकर ओढवत नाही. पॅच वाईट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ज्याला गिळता येत नाही किंवा ज्याची मूत्रपिंडे नीट काम करत नाहीत, अशा रुग्णासाठी तो उत्तम पर्याय ठरतो. परंतु पॅचचा पूर्ण परिणाम दिसायला बारा तासांहून अधिक वेळ लागतो आणि लावल्यावर त्याची मात्रा तासातासाला कमीजास्त करता येत नाही. त्यामुळे ज्या रुग्णाची वेदना अजून आटोक्यातच आलेली नाही, तिच्यावर पॅचने सुरुवात करणे सहसा योग्य मानले जात नाही. तुमच्या आई सध्या नेमक्या याच अवस्थेत आहेत.

मॉर्फिन न ठेवण्यामागे बहुतेक वेळा वैद्यकीय कारण नसते, कागदोपत्री असते. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन ठेवण्यासाठी पूर्वी अनेक परवाने लागत आणि त्या कटकटीमुळे मोठमोठी रुग्णालयेही त्याच्या वाटेला जात नसत. २०१४ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिन आणि फेंटानिल यांसह काही औषधे ‘अत्यावश्यक’ ठरवली गेली, आणि त्यानंतर राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून एकच मान्यता घेतली की पुरते. अशी मान्यता असलेल्या संस्थेत प्रशिक्षित डॉक्टर असावा लागतो आणि औषधाच्या प्रत्येक मात्रेची नोंद ठेवावी लागते. तेव्हा ‘तुमच्याकडे मॉर्फिनची मान्यता आहे का आणि आज साठा आहे का?’ हा प्रश्न संकोच न करता विचारावा. जिथे मान्यता नाही, तिथले लोक कितीही प्रेमळ असले तरी तीव्र वेदनेपुढे त्यांचे हात बांधलेले आहेत, आणि ते झाकण्यासाठी सवयीची भीती पुढे केली जात असेल तर ती आणखी गंभीर बाब आहे.

औषध आहे एवढ्याने मात्र भागत नाही, ते कसे देतात हेही पाहावे लागते. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. त्यामुळे ती ‘दुखल्यास घ्या’ अशी न देता चार-चार तासांनी घड्याळाप्रमाणे द्यायची असते, आणि मध्येच वेदना उसळली तर त्यासाठी वेगळी, जादा मात्रा आधीच लिहून ठेवायची असते. त्याचबरोबर पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध सुरू करावे लागते, कारण मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठता जवळजवळ प्रत्येकाला होते आणि गुंगी किंवा मळमळ यांच्यासारखी ती चार दिवसांत ओसरत नाही. म्हणून केंद्रातल्या सिस्टरना, डॉक्टरांना नव्हे, सहज विचारा, ‘मॉर्फिनबरोबर आणखी काय सुरू करता?’ पोट साफ होण्याच्या औषधाचे नाव क्षणात आले तर त्या माणसाने हे काम खरोखर केलेले आहे असे समजावे. वेदना मोजतात कशी, हेही विचारावे. शून्य ते दहा असा आकडा रुग्णालाच विचारून तक्त्यावर लिहिणे ही साधी पद्धत आहे. काही केंद्रे एडमंटन प्रमाणावली वापरतात, तिच्यात वेदनेबरोबर थकवा, मळमळ, भूक, धाप, चिंता अशा इतर त्रासांनाही आकडा दिला जातो. कोरा तक्ता दाखवायला सांगा. तो शोधावा लागला तर तो रोज भरला जात नाही, हे उघड आहे.

तुमच्या आईंच्या आजारापुरता आणखी एक प्रश्न आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटातून पाठीत जाणारी वेदना पोटाच्या वरच्या भागातील मज्जातंतूंच्या जाळ्यामुळे जाणवते, आणि त्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ती कमी करण्याचा उपाय काही रुग्णांना लागू पडतो. प्रत्येक हॉस्पिसमध्ये तो होणार नाही, तशी अपेक्षाही नाही. पण दोन्ही ठिकाणी हा विषय काढून पाहा. जे केंद्र ‘आमच्याकडे होत नाही, परंतु अमुक वेदनाचिकित्सकांकडे पाठवू शकतो, आईंची प्रकृती ते झेपण्यासारखी आहे का ते आधी पाहू’ असे उत्तर देते, त्याला हा आजार ओळखीचा आहे.

आता रात्रीविषयी. डॉक्टर रात्री फोनवर असणे हा स्वतः काही दोष नाही. धर्मादाय केंद्रांतही अनेक ठिकाणी तसेच असते. दोष तेव्हा असतो, जेव्हा प्रत्यक्ष हजर असलेल्या परिचारिकेला डॉक्टरांनी फोन उचलेपर्यंत काहीच करता येत नाही. म्हणून असे विचारा: ‘रात्री दोन वाजता आईची वेदना आठवर गेली तर पहिल्या अर्ध्या तासात नेमके काय होईल?’ जादा मात्रा लिहून ठेवलेली असते, सिस्टर ती देतात, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा विचारतात, उतार नसेल तर डॉक्टरांना उठवतात, असे क्रमवार उत्तर मिळाले पाहिजे. ‘काळजी करू नका, आमचा स्टाफ फार अनुभवी आहे’ हे उत्तर नव्हे. त्याच वेळी रात्रपाळीला नोंदणीकृत परिचारिका किती आणि आया किती, हेही विचारून घ्यावे. आपल्याकडे पांढरा एप्रन घातला की सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात, आणि माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत आलेल्या, कष्टाळू पण औषधांचे कोणतेही शिक्षण नसलेल्या बाईंवर पूर्ण मजल्याची रात्र सोपवलेली असते. त्यांचा यात काही अपराध नाही. डॉक्टरांच्या शिक्षणाबाबतही विचारायला हरकत नाही. पॅलिएटिव्ह मेडिसिनमधील, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करण्याच्या वैद्यकशाखेतील, एम.डी. पदवी आपल्या देशात २०१२ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात सुरू झाली, त्यामुळे ती असलेले डॉक्टर अजून थोडेच आहेत. पण निदान या विषयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तरी केलेला असावा.

पुन्हा एकदा दोन्ही ठिकाणी जाऊन या, परंतु या खेपेस आधी न कळवता, आणि शक्यतो रविवारी दुपारी किंवा संध्याकाळी सातनंतर जा. खोल्यांकडे न पाहता रुग्णांच्या ओठांकडे पाहा. ज्याला स्वतः पाणी पिता येत नाही त्याचे ओठ आणि जीभ दर काही तासांनी ओलसर करणे हे वेळखाऊ काम आहे, ते कोणत्याही बिलात दिसत नाही, आणि नेमके म्हणूनच जिथे माणसे कमी पडतात तिथे ते सर्वांत आधी सुटते. पाण्याचा पेला आणि घंटा रुग्णाच्या हाताला लागेल अशा जागी आहे का, घंटा वाजल्यावर किती वेळाने कोण येते, कोणाचे हात पट्टीने खाटेला बांधलेले आहेत का, हे उभ्या उभ्या दिसते. पडून राहिल्याने पाठीवर होणाऱ्या जखमांबाबत विचारल्यावर ‘आमच्याकडे एअर बेड आहेत’ एवढेच सांगितले तर समाधान मानू नका. एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते, आणि ती कधी बदलली याची नोंद असावी लागते. वासाचेही तसेच आहे. कर्करोगाच्या उघड्या जखमेला दुर्गंधी येते, आणि मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाची पूड टाकून नीट ड्रेसिंग केले तर ती बरीच कमी होते, हा अशा केंद्रांमधला स्वस्त आणि रोजचा उपाय आहे. फिनाईलचा उग्र दर्प मात्र निव्वळ फरशी पुसल्याची खूण आहे.

सलाइनविषयी तुम्हाला जे कठोर वाटले, ते माझ्या मते त्या धर्मादाय केंद्राच्या बाजूने जाणारे आहे. शेवटच्या काही दिवसांत शरीराला पाण्याची गरज फारशी उरत नाही, आणि बाहेरून चढवलेले पाणी पुष्कळदा हातापायांवर सूज, छातीत घरघर आणि धाप या रूपाने बाहेर येते. नातेवाइकांच्या समाधानासाठी सलाइन लावणे सोपे असते आणि त्याचे बिलही होते. ते का लावत नाही हे समजावून सांगायला वेळ आणि धीर लागतो. अर्थात ‘लावूच असे नाही’ आणि ‘कधीच लावत नाही’ यांत फरक आहे, तेव्हा कोणत्या परिस्थितीत लावतात हेही विचारून घ्या. घशातल्या घरघरीसाठी पुन्हा पुन्हा नळी घालून कफ ओढण्यापेक्षा कुशीवर वळवणे आणि स्राव कमी करणारे इंजेक्शन देणे रुग्णाला सुसह्य असते. धाप लागल्यावर तोंडावर येणारा पंख्याचा वारा आणि मॉर्फिनची लहान मात्रा यांचाही उपयोग होतो. या गोष्टी तिथल्या लोकांनी आपण होऊन सांगितल्या, तर ते हे रोज पाहत आहेत.

खासगी केंद्राला एक प्रश्न मात्र अवश्य विचारा, कारण त्याचे उत्तर छापील पत्रकात मिळत नाही: ‘तुमच्याकडच्या किती रुग्णांचे निधन इथेच झाले आणि किती जणांना अखेरच्या दिवसांत रुग्णालयात हलवले?’ ज्या हॉस्पिसमध्ये सहसा कोणी मरतच नाही, तिथे रुग्णाचा श्वास बिघडला की रुग्णवाहिका बोलावली जाते आणि जे टाळण्यासाठी आपण तिथे गेलो ते अतिदक्षता विभागातले दिवस शेवटी वाट्याला येतातच. निधनानंतरचेही विचारून ठेवा. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र रात्री-अपरात्री कोण देणार, शववाहिनी मिळते का, आणि तोवर बाकीच्यांनी तिथे किती वेळ थांबायचे? घरी सेवा देणाऱ्या संस्थेच्या बाबतीत तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा ठरतो, कारण प्रमाणपत्र नसेल तर स्मशानात अडवतात आणि त्या वेळी पहाटे डॉक्टर शोधत फिरण्याची पाळी घरच्यांवर येते.

आईंना आजाराची पूर्ण कल्पना दिलेली नाही, हे तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिले आहे. मला वाटते, केंद्राची खरी परीक्षा तिथेही होईल. चांगले केंद्र तुमच्या मागणीवरून आईंशी खोटे बोलायला तयार होणार नाही, आणि तुम्हाला डावलून पहिल्याच दिवशी सर्व काही त्यांच्यासमोर मांडणारही नाही. तिथले डॉक्टर किंवा समुपदेशक आधी आईंना विचारतील की तुम्हाला आजाराबद्दल काय वाटते, किती जाणून घ्यावेसे वाटते. आणि मग त्यांच्या गतीने, तुम्हाला सोबत घेऊन बोलतील. पुष्कळदा असे दिसून येते की रुग्णाला सारे समजलेले असते, आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तोच गप्प असतो. ‘पेशंटला काही कळू देणार नाही, निश्चिंत राहा,’ असे हसत सांगणाऱ्या ठिकाणी मी सावध राहीन. आई शुद्धीवर आणि निर्णयक्षम आहेत तोवर त्यांच्या इच्छा कळणे कायद्याच्या दृष्टीनेही उपयोगाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे बोलता आले नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येते. केंद्राला याची माहिती आहे का, तेही बोलताना कळेल.

पैशांबाबत भावाचे मन मोठे आहे, पण फुकट म्हणजे हलके हा समज या क्षेत्रात टिकत नाही. देशातले पहिले हॉस्पिस मानले जाणारे वांद्रे येथील शांती अवेदना सदन १९८६ पासून, आणि पुण्यात वारजे येथील सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून, रुग्णांकडून शुल्क न घेता चालत आले आहे. उलट खासगी केंद्राच्या ६५ हजारांत काय बसते हे लेखी घ्या: डायपर, हातमोजे, ड्रेसिंग, पॅच, डॉक्टरांची जादा भेट यांचे पैसे वेगळे असतात का, आणि महिना पूर्ण होण्याआधी निधन झाले तर अनामत कधी परत मिळते? हा प्रश्न विचारताना जीभ अडखळते हे मी जाणतो, तरी विचारा. विम्यावर विसंबू नका. बहुतेक वैद्यकीय विमा पॉलिसींच्या अपवादांत निव्वळ शुश्रूषेसाठीचे दाखल होणे आणि अखेरच्या टप्प्यातील रुग्णांना दिलेल्या सेवा स्पष्ट शब्दांत वगळलेल्या असतात.

घरचे माणूस सोबत असावे हा आग्रह मात्र तुमच्यासाठी खरी अडचण आहे. त्यामागे दोन हेतू असू शकतात. एक म्हणजे घरच्यांना शुश्रूषा शिकवून, त्रास आटोक्यात आल्यावर रुग्णाला काही काळ घरी पाठवता यावे, आणि हा हेतू उत्तम आहे. दुसरा म्हणजे अपुऱ्या माणसांची उणीव नातेवाइकांकडून भरून काढणे. यांतला कोणता, ते असे ओळखता येईल: सोबत राहिलेल्या माणसाला कूस बदलणे, तोंडाची निगा, औषधांच्या वेळा हे कोणी बसून शिकवते, की नुसते ‘तुम्हीच बघा जरा’ म्हणून सोडून देते? तिथे आधीच राहत असलेल्या एखाद्या नातेवाइकाला व्हरांड्यात गाठून विचारा. सिस्टर आणि आया यांना चहापाणी दिल्याशिवाय चादर बदलली जात नाही, असे त्याने सांगितले तर धर्मादाय असो वा खासगी, त्या ठिकाणाचा विचार सोडून द्यावा.

दाखल केल्यानंतरची पारख तुलनेने सोपी आहे, फक्त कोणत्या गोष्टींवरून पारख करायची नाही हे आधी ठरवून घ्यावे लागते. आईंचे जेवण कमी होईल, झोप वाढेल, त्या अशक्त होत जातील. हा आजाराचा मार्ग आहे, त्यावरून सेवा वाईट ठरत नाही. मॉर्फिन सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस ग्लानी राहते, तिला घाबरून औषध बंद करायला सांगू नका. अनेक रात्रींची राहिलेली झोपही त्यात असते. परंतु दोन दिवस उलटूनही रात्रीची वेदना तेवढीच असेल आणि मात्रेचा कोणी फेरविचार केला नसेल, तीन दिवस पोट साफ झालेले नसताना कोणाच्या ते लक्षात आले नसेल, कंबरेवर किंवा टाचेवर लाल डाग दिसू लागला आणि तुम्ही दाखवेपर्यंत तो कोणी पाहिला नसेल, किंवा एकाच प्रश्नाला दिवसपाळी आणि रात्रपाळी वेगवेगळी उत्तरे देत असेल, तर बोलले पाहिजे. एक छोटी वही ठेवा आणि वेळेसह नोंदी करा. तक्रार आयाबाईंकडे न करता प्रमुख सिस्टरकडे करा, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, आणि चोवीस तासांत फरक पडला नाही तर लेखी द्या. चांगल्या केंद्रात तक्रार ऐकून तक्ता उघडला जातो. जिथे त्याऐवजी ‘तुम्ही फार टेन्शन घेता’ असे ऐकवले जाते, तिथून आईंना हलवण्याचा विचार उशीर न करता करावा. भाऊ लांब असला तरी रोज संध्याकाळी त्याने आईंशी स्वतः फोनवर बोलावे आणि वेदनेचा आकडा त्यांच्याच तोंडून घ्यावा. पैसे पाठवण्याइतकेच हे काम मोलाचे आहे.

मावशींच्या बोलण्याबद्दल एवढेच सांगेन की त्यांना एकदा सोबत घेऊन जा. घरात रात्रभर कण्हत ठेवणे आणि जिथे वेदना थांबते तिथे नेऊन शेजारी बसणे, यांतले कोणते टाकणे आहे, हे त्यांना तिथे बसलेल्या मुली-सुना पाहून आपोआप समजेल. मावशींना पोथी वाचायची असेल, आईंच्या तोंडात गंगाजल किंवा तुळशीचे पान घालायचे असेल, नातवंडांना भेटायला आणायचे असेल, तर त्याला केंद्राची मोकळीक आहे का, हेही त्यांनाच विचारू द्या.

माझा कल, तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून, धर्मादाय केंद्राकडे आहे; मात्र तिथे मॉर्फिनचा साठा आहे आणि रात्री नोंदणीकृत परिचारिका असते, या दोन गोष्टींची खात्री झाल्यावरच. खासगी केंद्राने पॅचबद्दल दिलेल्या कारणाचा समाधानकारक खुलासा केला आणि मॉर्फिनची मान्यता दाखवली, तर त्याचाही पुन्हा विचार करता येईल. अंतर आणि तुमची नोकरी यांचाही हिशेब करावाच लागतो. निर्णयाला आठवडा लागला तरी चालेल, आईंच्या वेदनेला तेवढा वेळ देऊ नका. हॉस्पिसमध्ये खाट मिळण्याआधीही पॅलिएटिव्ह बाह्यरुग्ण विभागात जाऊन औषध सुरू करता येते, आणि टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी नोंदणी असलेल्या मुंबई परिसरातील रुग्णांकडे घरी भेट देणारा चमूही जातो. आईंचे उपचार जिथे झाले तिथे असा विभाग आहे का ते उद्याच विचारा, नसेल तर धर्मादाय केंद्राच्या डॉक्टरांकडे सर्व कागद घेऊन जा. जाताना आजपासूनचे दर चार तासांचे वेदनेचे आकडे, मूत्रपिंडाच्या तपासणीचा ताजा अहवाल आणि सध्या चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे पाकीट सोबत असू द्या.